गोटीच्या बाटलीतली बिअर

बदलापूरच्या थंडीबद्दल सांगून कुणाला पटत नाही. कामावरच्या ठाण्याकडच्या बायका हसतात, "तुमच्याकडे काय काश्मीर आहे का?" म्हणतात. पण डिसेंबर अर्धा सरला की पहाटे नदीकडून ओलसर, धुरकट गारवा येतो, गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातून बोटांना चावतं आणि खोबरेलाची बाटली रात्रीतून पांढरी होते. थंडी आली की नाही, हे मी त्या बाटलीवरून ठरवते. आज सकाळी तेल गोठलेलं होतं. मी बाटली कोमट पाण्यात उभी केली, डबे भरता भरता मागच्या खोलीत जाऊन फरशीवर अनवाणी उभी राहिले आणि स्वतःशीच म्हणाले, आता लावायला हरकत नाही.

लावायची म्हणजे बिअर. यंदाही.

माझ्यासारख्या बाईच्या तोंडी हे शोभत नाही, मान्य. मी अंबरनाथला, मोरिवली गावाला लागून असलेल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. पुठ्ठा, गोंद, शाई, चिकटपट्टी. काय आलं, काय गेलं, काय संपत आलंय. घरीही तेच. वाण्याची यादी, औषधांची यादी, कुणाच्या लग्नात आपण काय दिलं त्याची यादी. प्रकाश, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की वर जाताना सोबत काय न्यायचं तेही हिनं लिहून ठेवलं असेल. पहिल्या खेपेआधी आमच्या घरात दारू कधी शिरली नव्हती. माझं माहेर विहारात जाणारं, पंचशील पाळणारं. प्रकाश महिन्याकाठी मित्रांबरोबर बाहेर एखादी बिअर घेतो आणि मूठभर बडीशेप चावत घरी येतो, जणू मला कळतच नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या लेकीनं, प्रांजलनं, पुण्याहून बापाच्या वाढदिवसाला एक खोकं पाठवलं. घरच्या घरी बिअर करायचं सामान. त्यात मॉल्टचा, म्हणजे मोड आलेल्या जवाचा, काकवीसारखा घट्ट पाक होता, हॉप्स नावाच्या कडवट फुलांच्या दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या होत्या, यीस्टची पुडी होती, खाली नळ लावलेली झाकणाची बादली होती आणि झाकणात खोचायची एक वाकडीतिकडी प्लास्टिकची नळी. प्रकाशनं खोकं उघडलं, फोटो काढला, मित्रांना पाठवला आणि खोकं पलंगाखाली सरकवलं. तिथे ते उन्हाळा, पावसाळा सगळं बघत पडून राहिलं. केर काढताना मी ते रोज इकडून तिकडे करायची. एकदा सहज वाचलं, तर पुडीवरची मुदत फेब्रुवारीत संपत होती.

आता जिनं उभं आयुष्य 'आधी आलेला माल आधी वापरा' एवढं एकच तत्त्वज्ञान सांभाळलं, तिच्या पलंगाखाली माल मुदत संपून मरावा?

"करणार आहात का तुम्ही?" मी प्रकाशला विचारलं.

"करू ना. थंडी पडू दे."

"पडलीय."

"रविवारी बघू."

रविवारी त्यानं मॅच बघितली. पुढच्या रविवारी मी हळदीकुंकवाला, बारशाला मागून नेतात ते आमचं मोठं पातेलं माळ्यावरून खाली काढलं. घरी असं करायला परवाना लागतो का, अशी शंकाही काढली. प्रकाश म्हणाला, "कुणाला विचारू नकोस, म्हणजे लागणार नाही." हे उत्तर मला पटलं नाही, पण मुदत समोर होती.

त्या पहिल्या हिवाळ्यात माझे बाबा आमच्याकडे होते. 'आमच्याकडे राहायला' नव्हे. थंडीपुरते. हा फरक ते रोज सांगायचे.

बाबांचा उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये सोड्याचा गाळा. खाली गाळा, वर घर. गळ्यात काचेची गोटी अडकलेल्या त्या जाड हिरवट बाटल्या, अंगठ्यानं गोटी आत दाबली की फट्ट आवाज, वर फेस आणि नाकात झिणझिण्या. साधा, लिंबू, जिंजर. आई गेली, मी लग्न होऊन बदलापूरला आले, आजूबाजूच्या वर्कशॉपांतून जीन्स शिवणारी माणसं बदलली, पण बाबा अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही मार्च ते जून स्वतः मशीन फिरवायचे. इमारत मात्र थकली होती. शेजारच्या स्वयंपाकघरातला स्लॅबचा तुकडा एका दुपारी खाली आला. नशिबानं तिथे तेव्हा कुणी नव्हतं. इंजिनियर येऊन बघून गेले, रिकामी करा म्हणाले. एकेक बिऱ्हाड उठलं. बाबा उठेनात.

"बाबा, ती बिल्डिंग पडेल एक दिवस."

"पडायची असती तर पडली असती. माझ्या वयाची आहे ती."

शेवटी मी धंद्याच्या भाषेत बोलले. थंडीत सोडा कोण पितं? थंडीपुरते तरी चला. हे त्यांना पटलं. एक पिशवी कपडे आणि बाटल्यांचे दोन क्रेट घेऊन ते आले. बाटल्या कशाला, तर त्यांची रबरं बदलायची होती. "शिमगा झाला की सीझन. मी जातो," हे त्यांनी उंबऱ्यातच सांगून टाकलं. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, शिमग्याला अजून वेळ आहे.

थंडी म्हणजे बाटल्या धुण्याचे दिवस, हे माझ्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. शाळेत इतर मुली थंडीबद्दल निबंधात शेकोटी आणि धुकं लिहायच्या. मला आठवायचं ते गाळ्यासमोरचं पाण्याचं पिंप. दुपारचं ऊन रस्त्यावर आडवं पडलेलं, आईचा पदर खोचलेला, तिच्या हातात लांब दांड्याचा ब्रश. ती बाटली घासून मला द्यायची, मी दोनदा विसळून उलटी घालायची. बाटली उलटी केली की आतली गोटी घरंगळत तोंडाशी येऊन थांबायची, टक्. दिवसभर ते टक्, टक्. बाबा बाजूला पाटावर बसून सुई-दोऱ्याचं काम असावं तसे तोंडाशी वाकून झिजलेलं रबर काढायचे, नवं बसवायचे. शेजारी गोपूकाकांचं रबर-प्लास्टिकचं दुकान. ते सिंधी, बाबांपेक्षा दहा वर्षांनी लहान, रबरं त्यांच्याकडूनच यायची. ते ओट्यावरून ओरडायचे, "दादा, बेटी के हाथ सुज जाएंगे, गरम पानी दो!" आणि बाबा म्हणायचे, "गरम पाण्यानं काच तडकते, गोपू. हात नाही तडकत." आई मग गुपचूप स्टोव्हवर पाणी ठेवायची, माझ्या हातांपुरतं.

संध्याकाळी वर्कशॉप सुटली की माणसं यायची. कुणी तिथेच उभ्यानं सोडा पिऊन जायचं, कुणी दोन बाटल्या शर्टाखाली घालून गल्लीत वळायचं. त्या बाटल्या तिकडे कशात मिसळल्या जातात, हे मला दहाव्या वर्षी कळत होतं. बाबांनी ते कधी कळून घेतलं नाही. बीडी नाही, तंबाखू नाही, दारूला न शिवायचं पाचवं शील तर पोलादी. एकदा विहारात कुणीतरी टोचलं, "तुमच्या सोड्यावरच तर सगळ्यांची रात्र चालते." बाबा म्हणाले, "मी सोडा विकतो. पुढचं ज्याचं त्यानं बघावं." आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर गाळा उघडला.

अशा माणसाच्या देखत मला बिअर करायची होती. मी सरळ विचारलं. आडून बोलायला मला जमत नाही.

"बाबा, प्रांजलनं पाठवलेलं सामान आहे. वाया जाईल. घरात चालेल का तुम्हाला?"

ते पेपर वाचत होते. पेपरामागूनच म्हणाले, "घर तुमचं आहे. मी थंडीपुरता."

हे ऐकून मला राग यावा की रडू, ते ठरेना. म्हणून मी पातेलं घासायला घेतलं.

बिअर करणं म्हणजे मुख्यतः भांडी घासणं. हे कुणी सांगत नाही. पुरुष हा छंद म्हणून करतात आणि फोटो टाकतात, तेव्हा त्यात घासणी दिसत नाही. जे जे त्या पाकाला लागणार ते सगळं आधी स्वच्छ, मग उकळत्या पाण्यातून, मग वाऱ्यालाही लागू द्यायचं नाही. मला हे फार आवडलं. पाणी उकळलं, पाक ओतला, घरभर शाळेजवळच्या बेकरीचा वास पसरला. मग हॉप्सच्या गोळ्या पडल्या आणि वास बदलला. ओलं गवत, संत्र्याची साल आणि कडू काहीतरी, कारल्याच्या बिया भाजल्यासारखं. प्रकाश ढवळायला उभा राहिला आणि उतू घालवलं. मी त्याला खुर्चीवर बसवलं. बाबा स्वयंपाकघराच्या दारातून एकदा डोकावले, ओंजळीत नळाचं पाणी घेऊन प्यायले, "पाणी बरं आहे हे," म्हणाले आणि गेले.

पाक निवल्यावर बादलीत ओतला, वर यीस्ट सोडलं आणि झाकण लावलं. अडचण नंतर आली. बादली थंड जागी ठेवायची, आणि घरात सर्वांत थंड खोली मागची. म्हणजे बाबांची.

"माझ्या उशाशी दारू ठेवतेस?"

"दारू नाही बाबा. अजून झालेली नाही. आत्ता नुसतं गोड पाणी आहे."

"बरं. झाली की बाहेर काढ."

दुसऱ्या दिवशी त्या नळीतून पहिला बुडबुडा आला. गुबुक. थोड्या वेळानं आणखी एक. मग ती बादली बोलायलाच लागली. मी कामावरून आले की बाबा दारातच सांगायचे, आज सकाळपासून फार बडबड चाललीय. किंवा, आज दुपारी जरा गप्प होती, मग ऊन गेल्यावर परत सुरू. त्यांनी आपली खुर्ची बादलीजवळ ओढून घेतली होती. गॅस हा त्यांचा आयुष्यभराचा सोबती, पण तो सिलिंडरमधून यायचा. नुसत्या पाण्यातून, कुणी न भरता, आपोआप गॅस येतो, हे ते पहिल्यांदा बघत होते.

"हा गॅस फुकट जातोय," ते एकदा हळहळले.

"जाऊ दे बाबा."

"जाऊ दे काय? एवढा गॅस!"

आणि रोज रात्री जेवताना एकच चौकशी: "आज झाली का?" म्हणजे गोड पाण्याची दारू झाली का. मी म्हणायची, होतेय. मग ते मान हलवायचे आणि निवांत झोपायला जायचे, बादलीशेजारी. कधी झाली म्हणायचं, हे मलाही नक्की सांगता येत नव्हतं. माझ्या स्टोअरमध्ये माल एक तर आलेला असतो नाहीतर आलेला नसतो. इथे तो येत राहिला होता, दारातून अर्धा आत.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी गोपूकाकांचा फोन आला. त्यांचं दुकान रस्त्याच्या पलीकडे गेलं होतं, पण लक्ष इकडेच. "बेटी, दादांच्या जिन्याचं प्लास्टर पडलं. बडा टुकडा था. त्यांना सांग, अभी मत आना."

मी बाबांना सांगितलं.

"जिन्याचं ना? मग काय. मी गाळ्यातच झोपेन."

"गाळा त्याच बिल्डिंगखाली आहे, बाबा."

"मग मी काय करू इथं? खिडकीतून बघत बसू?" आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "माझं मशीन तिथं आहे, संगीता. माझ्या हाताला इथं काम नाही."

भाजी निवडायला देऊन बघितली होती. त्यांनी मेथीची पानं इतकी काटेकोर निवडली की जेवायला उशीर झाला. त्या रात्री मी झोपले तर डोळ्यांपुढे तो जिना. पलीकडच्या खोलीतून गुबुक, गुबुक.

बुडबुडे थांबले, म्हणजे बाटल्या भरायची वेळ आली, तेव्हा कळलं की प्रांजलच्या खोक्यातली बुचं आम्ही जमवलेल्या बाटल्यांना भलत्याच मापाची आहेत. मी फोन लावला.

"मम्मी, युनिव्हर्सल असतात ती!"

"युनिव्हर्सल असतील, आपल्या बाटलीला बसत नाहीत."

बाबा ऐकत होते. ते उठून आपल्या खोलीत गेले. सकाळी उठून बघते तर मागच्या बाल्कनीत बाटल्यांचा एक अख्खा क्रेट धुऊन, नवी रबरं घालून उलटा ठेवलेला. पाण्याचे थेंब अजून ठिबकत होते आणि बाबा गार पाण्यानं लाल झालेले हात काखेत घालून उभे होते.

"बाबा, तुम्हाला चालेल? तुमच्या बाटल्यांत?"

"बाटली गॅससाठी आहे. वाया जाताना बघवत नाही मला."

पुढचा सगळा कारभार त्यांनी हातात घेतला. मी फनेल धरलं, प्रकाशनं नळ. प्रत्येक बाटलीत चिमूट साखर, म्हणजे आत पुन्हा थोडा गॅस तयार होतो. बाबा भरलेली बाटली घेत, मनगटाला एक झटका देत आणि ती उलटी होऊन क्रेटमध्ये जाई. टक्. गोटी तोंडाशी, रबरावर. सुरुवातीला काही बाटल्या गळल्या, बाल्कनीत आंबूस ओघळ आला. मग आतला गॅस वाढला, गोटीला त्यानं घट्ट दाबून धरलं आणि गळणं थांबलं. बाबांनी मला बोटानं दाखवलं. त्यांच्या तोंडावर मी कितीतरी वर्षांत न बघितलेलं काहीतरी होतं.

मी खोक्यातला कागद पुन्हा वाचला होता. त्यात बाटल्या उभ्या ठेवा असं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते त्यांना वाचूनही दाखवलं.

"उभ्या?" बाबा असे बघायला लागले, जणू मी बाळाला उलटं झोपवा म्हटलंय. "सोड्याची बाटली उभी ठेवली की गॅस गेला. तुझ्या कागदाला गोटी माहीत आहे का?"

कागदाला गोटी माहीत नव्हती. पण बिअरच्या तळाशी गाळ बसतो, हे बाबांना माहीत नव्हतं. सोड्याला गाळ नसतो. मला दोन्ही माहीत होतं, पण गाळाचं मी सांगितलं नाही. त्या क्रेटवरून आमच्या घरात पहिल्यांदा कुणी 'थंडीपुरता' हा शब्द न वापरता बोलत होतं. मी म्हटलं, असू दे उलट्या.

मग वाट बघणं. फेब्रुवारी आला, थंडी पातळ झाली, खोबरेल वितळलं. बाल्कनीत बाबांचं सकाळचं काम ठरलेलं. प्रत्येक बाटलीच्या तोंडावर अंगठा टेकवून बघायचा, गोटी किती घट्ट आहे. आणि एका सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात जाईन म्हणतो. गाळा झाडायचाय. शिमगा आला."

प्रकाश म्हणाला, "बाबा, निदान बिअर उघडेपर्यंत तरी?"

"हां, तेवढं थांबतो. रविवारी उघडा."

रविवारी दुपारी, जेवणाआधी, आम्ही तिघं मागच्या बाल्कनीत जमलो. प्रांजल फोनच्या पडद्यावर, फोन कपडे वाळत घालायच्या काठीला टेकवलेला. मी तीन ग्लास आणले होते, बाबांनी एक हातानं बाजूला सारला. प्रकाशनं नवं बनियन घातलं होतं. का, ते त्यालाच माहीत.

पहिली बाटली त्यानं उभी धरली, अंगठा ठेवला आणि जोर लावला. फट्ट!

काय आवाज होता तो! समोरच्या इमारतीवरची कबुतरं उडाली. आणि मागोमाग, इतके दिवस गोटीवर बसून राहिलेला सगळा गाळ, कणीक भिजवल्यावर हाताला चिकटतो तसा करडा लगदा, एका उसळीत बाहेर येऊन प्रकाशच्या बनियनवर बसला. प्रांजल किंचाळली, "पप्पा!" प्रकाश तसाच उभा, अंगठा हवेत. मी हसायला लागले ते थांबता येईना. बाबा मात्र हसले नाहीत. खाली वाकून बाटली बघत होते.

"बाटलीचा दोष नाही," ते म्हणाले.

"नाही बाबा. उलटी ठेवली म्हणून गाळ वर आला."

"मग वर आला तर वरच्या वर काढता येईल."

"थांबा, आधी चव तर बघू द्या."

बाटलीत उरलं होतं ते मी ग्लासात ओतलं. गढूळ, पहिल्या पुराच्या नदीसारखा रंग, वर विरळ फेस. प्रकाशनं मला पुढे केलं. "तू केलीस, तू आधी." पन्नाशीला आलेल्या बाईनं नवऱ्याच्या आणि बापाच्या समोर, लेक बघत असताना, पहिला घोट घेतला. कडू. इतकी कडू की डोळे मिटले. मग कडूपणा मागे सरला आणि त्याच्या खालून पावाची चव आली, भट्टीतून नुकत्याच काढलेल्या लादीच्या कडेची, जरा करपलेली. शेवटी जिभेच्या टोकाला संत्र्याची साल. चांगली होती का? दुकानात असती तर मी परत केली असती. पण ही आमच्या नळाच्या पाण्याची होती, माझ्या पातेल्यातली होती, आणि यातलं अर्ध्याहून अधिक काम मी कामावर असताना, झोपले असताना, कुणी न सांगता झालं होतं. मी दुसरा घोट घेतला. पाचवं शील मला आठवत होतं, नाही असं नाही. मी ग्लास प्रकाशकडे दिला.

"अरे!" प्रकाश म्हणाला. मग पुन्हा एक घोट. "अरे वा!"

"खोटं बोलताय," मी म्हटलं.

"नाही गं. कडू आहे. पण आपली आहे."

तेवढ्यात बाबांनी दुसरी बाटली उचलली होती. ती उलटीच धरली, तोंड बिअरच्या रिकाम्या बादलीत, आणि कुणी काही म्हणायच्या आत अंगठ्यानं गोटी निमिषभर आत दाबून सोडली. कल्पना अशी, की तोंडाशी बसलेला गाळ तेवढा उडून जावा आणि गोटी परत बसावी. गाळ उडाला. गोटीही परत बसली. पण गाळ बादलीच्या तळावर आपटून तितक्याच जोरानं वर आला, आणि बाबांचं तोंड उघडं होतं.

"बाबा... तोंडात गेली?"

बाबांनी डोळे पुसले. भिवया ठिबकत होत्या. "गेली."

ते उठून बेसिनशी गेले, खळखळून चूळ भरली, पुन्हा भरली. आम्ही दाराशी उभे. प्रांजल फोनमधून विचारत होती, काय झालं, काय झालं. अठ्ठ्याहत्तर वर्षं सांभाळलेली गोष्ट माझ्या बादलीनं मोडली.

"बाबा, मुद्दाम घेतली नाही तुम्ही. उडाली ती," मी म्हटलं.

"ते मला समजतं," ते टॉवेलमध्ये तोंड खुपसून म्हणाले. "शील उडाल्यानं मोडत नाही." टॉवेल खाली आला. कपाळावर आठी होती, पण ती मला ओळखीची होती. नवीन सिलिंडर लावल्यावर पहिली बाटली चाखताना पडायची ती.

"गॅस कमी आहे," बाबा म्हणाले.

प्रकाश असा हसला की त्याला भिंत धरावी लागली.

"हसू नका, प्रकाशराव. खरंच कमी आहे. साखरेनं एवढाच होणार. मशीनशिवाय गॅस नाही." आणि ते बाल्कनीत परत गेले, ती बाटली उजेडात धरून बघायला. अर्धीच उरली होती, पण होती स्वच्छ. प्रकाशनं ती उघडली. पुन्हा फट्ट.

खालच्या बाल्कनीतून परबकाकूंचा आवाज आला. "अगो संगीता! वर गोटीसोडा आलाय का? मघापासून आवाज ऐकतेय!"

मी जीभ चावली. काय आहे ते काकूंना कसं सांगणार? मी कठड्यावरून वाकायच्या आधी बाबा वाकले होते.

"सोडा पाहिजे का तुम्हाला?"

"दोन द्या हो, लिंबू घालून! सकाळपासून पोट धरलंय. इथे कुठे मिळतच नाही आता."

"आज नाही," बाबा म्हणाले. गिऱ्हाइकाशी बोलायचा तो त्यांचा जुना आवाज, रस्त्यापलीकडे पोचणारा. "पुढच्या रविवारी या."

पुढच्या रविवारी ते उल्हासनगरला असणार होते. प्रकाशनंही ऐकलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं.

बाबा कठड्याला टेकून खाली बघत होते. जिन्यापाशी सोसायटीची एक रिकामी जागा आहे, पूर्वी तिथे सायकली लावायच्या.

"प्रकाशराव," ते म्हणाले, "तो तुमचा टेम्पोवाला मित्र रविवारच्या आधी मोकळा आहे का? मशीन जड आहे. दोन फेऱ्या नकोत. सगळं एकदम आणू."

मी काही लिहून घेतलं नाही. हे लक्षात राहणारच होतं.

टेम्पो गेला तेव्हा मीही गेले. गोपूकाकांनी दोन माणसं बोलावून मशीन उचलायला लावलं, स्वतः नुसते ओरडत होते. "अरे धीरे, साईं, धीरे! ये मशीन मेरे से पुराना है!" सगळं चढल्यावर ते बाबांचा हात हातात घेऊन उभे राहिले. "दादा, रबरं लागतील तर फोन करा. मी भेजून देईन." बाबा म्हणाले, "तूच घेऊन ये. सोडा पाजतो." मग बाबा त्या पडक्या जिन्यावरून वर गेले. मी खालून ओरडत होते, नका जाऊ, काय हवं ते मी आणते. ते ऐकले नाहीत. खाली आले तेव्हा काखेत आईचा फोटो होता. डिसेंबरात येताना तो त्यांनी आणला नव्हता. थंडीपुरतं यायचं तर तिला कशाला हलवा, असं असावं. बदलापूरपर्यंत तो मांडीवर होता, काच माझ्या ओढणीनं झाकलेली.

घरी आल्यावर मी खिळा आणि हातोडी घेतली. बैठकीच्या खोलीत एक जागा माझ्या डोळ्यांपुढे होती, खिडकीचा उजेड येणारी, बाबांच्या खुर्चीतून नीट दिसणारी. मी खूण केली. बाबांनी त्या जागेकडे बघितलं, मग वळून समोर बघितलं.

"इथं नको. समोर फ्रीज आहे. दार उघडलं की तुमच्या त्या बिअरच्या बाटल्या तिला दिसतील."

मी हातोडी खाली ठेवली. प्रकाशला हाक मारली. फ्रीजच्या दोन बाजू आम्ही दोघांनी धरल्या, आणि तो स्वयंपाकघरात नेला.